मुलाखतीचा पेपर तुम्हीच काढलेला असतो
(लेखमाला : नोकरीच्या वाटेवर – भाग ७)

मुख्य परीक्षेचा निकाल लागला की भंवरकुआं भागातल्या क्लासेसमध्ये ‘मॉक’ सुरू होतात. कोट शिवायला पडतात, टायची गाठ शिकवली जाते. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचं मुख्यालय इंदूरलाच असल्यामुळे रीवा, सागर, झाबुआची मुलंही मुलाखतीसाठी इथेच उतरतात. कोट जरूर शिवा. पण तयारी कोटापासून सुरू करू नका, स्वतःच्या अर्जापासून करा.

त्याआधी थोडं गणित. राज्यसेवेची मुख्य परीक्षा पूर्वी १४०० गुणांची आणि मुलाखत १७५ची असे. नव्या रचनेत १५०० आणि १८५. दोन्हीकडे मुलाखतीचा वाटा साधारण ११ टक्केच. तो एवढा कमी का? काही राज्यांत तोंडी परीक्षेला भरमसाट गुण असत आणि लेखीत पुढे असलेली मुलं तिथे मागे पडत. हरियाणाच्या अशाच एका प्रकरणात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्वसाधारण उमेदवारांसाठी १२.२ टक्क्यांची मर्यादा सुचवली. तेव्हा ‘सगळं मुलाखतीवरच असतं’ हे कट्ट्यावरचं बोलणं फारसं मनावर घेऊ नका. मात्र यादीत शेजारी-शेजारी असलेल्यांत थोड्याच गुणांचं अंतर असतं, आणि उपजिल्हाधिकारी की नायब तहसीलदार हे त्या अंतरावर ठरू शकतं.

आता अर्ज. जन्मगाव, पदवी, आधीची नोकरी, छंद – मंडळापुढे हा कागद असतो आणि पहिले प्रश्न बहुधा त्यातूनच निघतात. ‘वाचन’ लिहिलं असेल तर शेवटचं पुस्तक कोणतं, आणि त्यात न पटलेलं काय, याचं उत्तर हवं. ‘क्रिकेट’ लिहिणाऱ्या इंदूरकराला सी. के. नायुडू आणि रणजी जिंकणारा होळकर संघ ठाऊक नसेल, तर छंद न लिहिलेलाच बरा.

मराठी आडनाव आणि इंदूरचा पत्ता एकत्र दिसले की गाडी होळकरांकडे वळण्याची शक्यता मोठी. अहिल्याबाईंचं नाव सगळेच घेतात. पण त्यांची राजधानी महेश्वर होती, मग इंदूर राजधानी कधी झालं? १८१७च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, जानेवारी १८१८मध्ये मंदसौरचा तह झाला आणि त्यानंतर कारभार इंदूरला आला. इंग्रजांचा रेसिडेंट ज्या भागात राहिला तो रेसिडेन्सी एरिया. आयोगाची इमारतही तिथेच आहे. १ जुलै १८५७ला सआदत खान यांच्या पुढाकाराने याच रेसिडेन्सीवर हल्ला झाला होता. ज्या फाटकातून आत जायचं त्याच्या आजूबाजूचा इतिहास माहीत नसणं मला तरी खटकतं.

दुसरा हमखास विषय म्हणजे स्वच्छता. २०१७पासून लागोपाठ पहिला नंबर, हे उत्तर पाठच असतं. खरा प्रश्न त्यानंतरचा. ओला कचरा जातो कुठे? देवगुराडियाला फेब्रुवारी २०२२मध्ये सुरू झालेला, दिवसाला ५५० टन क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प सांगता आला, तर बोलण्याला बूड येतं. आणि मग विचारतील, ‘तुम्ही अलीराजपूरला गेलात तर हेच करून दाखवाल?’ तिथे एवढा कचरा नाही, पालिकेकडे एवढा पैसा नाही. ‘जसंच्या तसं होणार नाही; पण घरातच ओला-सुका वेगळा करणं आणि गाडी रोज वेळेवर येणं, इथून सुरुवात करता येईल’ – असं काही स्वतःचं म्हणा. इथे तुमच्यातला अधिकारी तपासला जात असतो. गाइडमधलं पाठांतर लगेच कळतं.

तयारी मोठ्याने बोलून करा, आणि मुलाखत ज्या भाषेत द्यायची त्याच भाषेत. घरी मराठी, कॉलेजात इंग्रजी, गल्लीत ‘भिया’ची हिंदी, अशा त्रिस्थळी यात्रेत इंदुरी मुलांची वाक्यं अर्ध्यात दुसऱ्या भाषेत घुसतात. घरातल्या मोठ्या माणसाला समोर बसवून वीस मिनिटं एकाच भाषेत बोला. मॉक एक-दोन पुरेत; जास्त झाले की सगळ्यांची उत्तरं सारखी होतात, अगदी हसूसुद्धा.

आणि येत नसेल तिथे ‘सर, मुझे जानकारी नहीं है’ म्हणून थांबा. अंदाज ठोकला की पुढचे दोन प्रश्न त्या अंदाजावरच येतात.

(पुढच्या आठवड्यात : सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्यांचे एचआर राऊंड)