जमिनीतली जुनी नाणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सुट्टीचा दिवस, चार मित्र, हातात धातुशोधक यंत्र आणि समोर नांगरलेले शेत. यंत्र वाजते, माती उकरली जाते आणि रोमन काळातले नाणे वर येते. इंग्लंडमधले असे व्हिडिओ आता आपल्याकडची तरुण मुलेही आवडीने पाहतात. यंत्र ऑनलाइन मागवता येते, गडकोट आणि पांढरीच्या टेकाडांना महाराष्ट्रात तोटा नाही. मग आपणही एक रविवार काढावा, असे वाटते. इतिहासाची ही ओढ चांगलीच आहे. पण तिच्यासोबत पसरलेल्या गैरसमजांमुळे माणूस कायद्याच्या कचाट्यात सापडतो आणि इतिहासाचा पुरावाही कायमचा हरवतो. म्हणून ते एकेक करून तपासायला हवेत.

गैरसमज : इंग्लंडमध्ये कोणीही कुठेही खणतो आणि सापडेल ते त्याचे होते.

वस्तुस्थिती : तिथे जमीनमालकाची परवानगी लागते आणि संरक्षित पुरातत्त्वस्थळी परवान्याशिवाय यंत्र वापरणे हाच गुन्हा आहे. 1996 च्या ट्रेझर कायद्यानुसार तीनशे वर्षांहून जुनी सोन्याचांदीची दोन किंवा अधिक नाणी एकत्र सापडली, तर 14 दिवसांत कॉरोनर या अधिकाऱ्याला कळवावे लागते. तांब्या-पितळेची दहा किंवा अधिक नाणी सापडली तरी हाच नियम आहे. संग्रहालयाने ठेवा घेतला, तर मोबदला सहसा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटला जातो.

नियम मोडणाऱ्यांना तिथे माफी नाही. 2015 मध्ये हेरफर्डशायरमध्ये दोघांना व्हायकिंग काळातला ठेवा सापडला. त्यांनी तो न कळवता विकायला काढला आणि 2019 मध्ये दोघेही तुरुंगात गेले. त्या ठेव्यातल्या काही नाण्यांवर वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्सियाचा राजा चेओलवुल्फ यांचे सख्य दिसते. इतिहासाने जवळजवळ पुसून टाकलेल्या या मैत्रीचा तो धातूतला पुरावा होता. त्यातली बहुतांश नाणी अजूनही बेपत्ता आहेत.

गैरसमज : शेत आपले, तर शेतात सापडलेले नाणेही आपलेच.

वस्तुस्थिती : भारतात यासाठी 1878 चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीची कोणतीही वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. काय सापडले, अंदाजे किंमत किती, कुठे आणि कधी सापडले, हे सगळे त्या अर्जात लिहायचे असते. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा मागितल्यावर हजर करण्याची हमी द्यायची. ही माहिती दडवणाऱ्याचा वाटा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शोधणाऱ्याला साथ देणाऱ्या जमीनमालकालाही शिक्षेची तरतूद आहे.

गैरसमज : सरकारला कळवले की हाती काहीच उरत नाही.

वस्तुस्थिती : याच कायद्यात शोधणाऱ्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. ठेव्याचा मूळ धनी कोणी नाही असे ठरले आणि जमीनमालकाचा दावा निर्विवाद असला, तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला मिळतो. दोघांत वेगळा करार असेल, तर त्याप्रमाणे. सरकारला ठेवा स्वतःकडे घ्यायचा असेल, तर धातूची किंमत आणि तिच्या एक पंचमांश इतकी जादा रक्कम द्यावी लागते. नाण्याच्या ऐतिहासिक मोलापुढे हा मोबदला तोकडा आहे आणि दीडशे वर्षांपूर्वीचे हे गणित बदलायलाच हवे, असे माझे ठाम मत आहे. तोकड्या मोबदल्यामुळेच अनेकांचे पाय जिल्हाधिकारी कार्यालयाऐवजी सराफाकडे वळतात आणि नाणी मुशीत जातात. पण कायदा बदलेपर्यंत तो पाळावा लागेल.

गैरसमज : गडावर वरवरची माती उकरली तर काय बिघडते?

वस्तुस्थिती : केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांना 1958 चा प्राचीन स्मारके कायदा लागू आहे, राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा 1960 चा कायदा आहे. संरक्षित क्षेत्रात परवानगीवाचून खणता येत नाही, मग ती जमीन तुमच्या मालकीची का असेना. 2025 मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून जे 12 किल्ले जागतिक वारशात गेले, त्यांतले 11 महाराष्ट्रातले आहेत. त्यामुळे जबाबदारी आणखी वाढली आहे. संरक्षित नसलेल्या जागीदेखील पुरातत्त्वीय उत्खनन करायचे, तर राज्य सरकारलाही केंद्राची आगाऊ मंजुरी घ्यावी लागते. मग चार मित्रांनी हौसेने खड्डे घेणे कोणत्याच नियमात बसत नाही.

गैरसमज : यंत्र सोने ओळखते आणि खोलवरचा हंडा दाखवते.

वस्तुस्थिती : यंत्राच्या चकतीत तारेचे वेटोळे असते. त्यातून बदलता विद्युतप्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र तयार होते, त्यामुळे जमिनीतल्या धातूत छोटे प्रवाह फिरू लागतात आणि त्यांचे क्षेत्र यंत्राला जाणवते. हे लोखंडी खिळ्याचेही होते, बाटलीच्या बुचाचेही आणि गुटख्याच्या पुडीतल्या चंदेरी कागदाचेही. साध्या यंत्राला नाण्याएवढी वस्तू फार तर वीतभर किंवा थोडी अधिक खोल असेपर्यंतच जाणवते. सह्याद्रीचा काळा पाषाण आणि कोकणातला जांभा यांत लोहयुक्त खनिजे भरपूर असल्याने आपल्या मातीत ही खोली आणखी घटते.

शेकडो मीटरवरून सोने दाखवणाऱ्या अँटेनाच्या यंत्रांना कोणताही शास्त्रीय आधार नाही. तांदूळ ओढून घेणारे कंपनी सरकारचे नाणे, म्हणजेच ‘राइस पुलर’, ही सरळ फसवणूक आहे. गुप्तधनासाठी पूजा मांडणाऱ्या बुवाबाजीची गोष्ट तर याहून गंभीर आहे. गुप्तधनाच्या नावाखाली केल्या जाणाऱ्या अमानुष कृत्यांना महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने सात वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली आहे.

गैरसमज : जितके जुने नाणे, तितके महाग.

वस्तुस्थिती : किंमत ठरते दुर्मीळपणा, स्थिती आणि मागणी यांवर. शिवराईचेच पाहा. 1674 मध्ये शिवछत्रपतींनी राज्याभिषेकासमयी सुरू केलेले हे तांब्याचे नाणे पुढे पेशवाईतही पाडले जात राहिले, त्यामुळे शिवराया आजही मोठ्या संख्येने आढळतात. महाराजांचा सोन्याचा होन मात्र अत्यंत दुर्मीळ आहे. राम, हनुमान किंवा लक्ष्मीची चित्रे आणि 1818 सारखे साल असलेली ‘ईस्ट इंडिया कंपनी’ची नाणी कंपनीने कधी काढलीच नाहीत, ती नंतर बनवलेली नकली नाणी आहेत. जुन्या एक रुपयाच्या नाण्याला कोटी रुपये देण्याच्या जाहिराती फिरू लागल्यावर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये स्पष्ट केले, की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कोणाकडूनही शुल्क घेत नाही. शंभर वर्षांहून जुनी नाणी 1972 च्या पुरावशेष कायद्यात मोडतात. ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत.

गैरसमज : नाणे चिंचेने किंवा लिंबाने घासून चकचकीत करावे.

वस्तुस्थिती : तांब्यावर शतकानुशतके साचलेला हिरवट-तपकिरी थर नाण्याचे रक्षण करतो. आम्लाने तो थर जातो आणि त्यासोबत झिजलेली अक्षरेही जातात. अभ्यासकाच्या दृष्टीने असे नाणे अर्धे मुके होते आणि संग्राहकही त्याला कमी भाव देतात.

गैरसमज : महत्त्वाचे ते नाणे, जागेला काय एवढे?

वस्तुस्थिती : सगळ्यांत घातक गैरसमज हाच. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा ठेवा सापडला. सगळी नाणी क्षहरात राजा नहपानाची होती. पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा ठोकली होती. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा जो लेख आहे, त्यात तिच्या मुलाने क्षहरातांचा उच्छेद केल्याचे म्हटले आहे. त्या दाव्याला या ठेव्याने साक्ष दिली. हा ठेवा एकत्र अभ्यासला गेला नसता आणि मूठमूठ विकला गेला असता, तर हे प्रमाण कोणाला कळलेच नसते.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधल्या सॉमरसेटचे आहे. एप्रिल 2010 मध्ये फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प यांना नाण्यांनी भरलेला रांजण लागला. तो घाईने उपसून काढण्याऐवजी त्यांनी खणणे थांबवले आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावले. रांजण थराथराने रिकामा केला गेला. 52,503 रोमन नाणी निघाली. त्यांतली सर्वांत अलीकडची, कारॉसियस राजाची बरीचशी नाणी वर नसून निम्म्याहून खाली होती. यावरून कळले, की रांजण वर्षानुवर्षे थोडा थोडा भरला गेला नव्हता, सगळी नाणी एकाच वेळी ओतलेली होती. घाई केली असती, तर नाणी मिळाली असती, पण ही माहिती गेली असती.

आता तुम्ही काय करावे? नांगरताना, विहीर खणताना किंवा घराचा पाया काढताना नाणी दिसली, तर तिथेच थांबा. जागेचे आणि नाण्यांचे फोटो काढा. धुऊ नका, घासू नका, वाटून घेऊ नका. तहसीलदार किंवा पोलीस पाटलांना सांगा, जिल्हाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोचपावती जपून ठेवा. मित्रांसोबत नाण्यांचा दिवस घालवायचाच असेल, तर मुंबईत रिझर्व्ह बँकेचे संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे नाण्यांचे दालन पाहा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राला वाहिलेली संस्था आहे, तिथे जा आणि ब्राह्मी, मोडी, फार्सी अक्षरे वाचायला शिका. नाणे वाचता आले, की ते खणून काढण्याची घाई आपोआप कमी होते. जमिनीतले नाणे शेकडो वर्षे सुरक्षित राहिले आहे. योग्य हातांनी ते बाहेर येईपर्यंत त्याला तिथेच राहू द्या.