दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ
अण्वस्त्रयुगातील महासत्ता : लेखांक पाचवा

मागील लेखांकात आपण पाहिले की, ऑगस्ट १९४९ मध्ये रशियाने पहिला अणुस्फोट घडवून अमेरिकेची मक्तेदारी मोडली, आणि १९५२-५३ या दोन वर्षांत उभय राष्ट्रांनी हायड्रोजन बॉम्बचीही सिद्धता केली. तेव्हापासून प्रतिस्पर्ध्यावर उघड चाल करून जाणे म्हणजे स्वतःचाही सर्वनाश ओढवून घेणे होय, ही गोष्ट दोन्ही दरबारांना कळून चुकली. युद्ध अशक्य झाले, वैर मात्र कायम राहिले. आणि रणांगणाची वाट बंद झालेले हे वैर कर्ज, कारखाने, धान्य आणि विमाने यांच्या रूपाने तिसऱ्याच्या अंगणात उतरले. ते अंगण पाहण्यासाठी भडगावच्या वाचकाने बर्लिनपर्यंत किंवा क्यूबापर्यंत जाण्याचे कारण नाही. कजगावला मुंबईची गाडी धरली की वाटेतच नाशिक जिल्हा लागतो. तेथील ओझरला मिग विमानांचा कारखाना रशियाच्या साह्याने उभा राहिला, आणि मुंबईच्या उत्तरेस समुद्रकाठी तारापूरला अणुवीज केंद्र अमेरिकेच्या साह्याने. परस्परांचे हाडवैरी असलेल्या दोन सत्तांनी एकाच प्रांतात, जवळजवळ एकाच काळात असे साह्य का द्यावे, आणि त्याची किंमत आपल्याला कोणती पडली, हा आजच्या लेखांकाचा विषय आहे.

१९६२ चा ऑक्टोबर महिना या दृष्टीने विलक्षण होता. क्यूबात रशियन क्षेपणास्त्रांचे तळ उभे राहत असल्याचे उघडकीस येऊन जग अणुयुद्धाच्या कड्यावर उभे असतानाच, २० तारखेस चिनी फौजा भारताच्या सीमा ओलांडून आत शिरल्या. मिग विमानांचा सौदा भारताने त्याच वर्षी रशियाशी ठरविला होता. परंतु क्यूबाच्या पेचात चीनची मर्जी राखणे रशियाला अगत्याचे वाटले, आणि २५ तारखेच्या ‘प्रावदा’ या रशियन वृत्तपत्राने सीमेच्या वादात चीनची बाजू उचलून धरली. क्यूबाचे संकट टळल्यावर तो सूर बदलला खरा. तथापि, मित्राचे मित्रत्व त्याच्या स्वतःच्या अडचणीच्या घटकेला किती टिकते, याचा दाखला दिल्लीला मिळून गेला. इकडे पंडित नेहरूंनी केनेडींकडे शस्त्रांची व विमानांची मागणी केली. याच धामधुमीत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना दिल्लीस पाचारण होऊन संरक्षण खात्याची सूत्रे त्यांच्या हाती आली, आणि पुढील वर्षी नाशिक मतदारसंघातून ते लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले.

चव्हाणांचे १९६४ हे वर्ष दोन महासत्तांशी केलेल्या वाटाघाटींचा वस्तुपाठ म्हणून अभ्यासण्याजोगे आहे. मे महिन्यात ते वॉशिंग्टनला गेले. पाकिस्तानला अमेरिकेने एफ-१०४ ही स्वनातीत विमाने दिली होती, तशीच भारतालाही मिळावीत अशी त्यांची मागणी होती. अमेरिकेने इतर युद्धसामग्रीसाठी कर्ज देऊ केले, परंतु ती विमाने देण्यास ती राजी झाली नाही. आणि चव्हाण अमेरिकेत असतानाच नेहरूंच्या निधनाची वार्ता येऊन त्यांना परतावे लागले. त्याच वर्षी ते मॉस्कोला गेले आणि सप्टेंबरात मिगच्या उत्पादनाचा करार पक्का करून आले. सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसातील कोरापुटला आणि विद्युत्-उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी झाली. रशियाने विमान विकले, त्याचबरोबर ते बनविण्याचा परवानाही दिला. मोबदला रुपयांत घेतला, आणि त्या रुपयांतून भारताचाच माल खरेदी करण्याचा शिरस्ता ठेवला. परकीय चलनाची ज्या देशाला सदैव चणचण, त्याला ही सवलत लहानसहान नव्हती. अमेरिकेने नकार दिला नसता तर रशियाने इतका हात सैल सोडला असता काय, याविषयी शंका घेण्यास पुष्कळ जागा आहे. बोकारोच्या पोलाद कारखान्याची हकीकत हीच होती : अमेरिकेत तजवीज फसली, आणि रशिया पुढे सरसावला.

तारापूरचा मामला याच्या उलट दिशेने घडला. समाजवादी रशिया भिलाईला पोलाद गाळीत असता, अणूची विधायक शक्ती आशियात प्रथम आपणच आणली हे दाखविण्याची अमेरिकेला निकड होती, आणि डॉ. होमी भाभा यांना, अणुवीज भारताला परवडते हे लवकरात लवकर सिद्ध करून दाखवायचे होते. दोघांच्या गरजा जुळल्या. ऑगस्ट १९६३ मध्ये करार झाला, अत्यल्प व्याजाने सुमारे ८ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर झाले, जनरल इलेक्ट्रिक कंपनीने दोन अणुभट्ट्या उभारल्या आणि १९६९ च्या ऑक्टोबरात तेथून वीज वाहू लागली. मेख होती ती इंधनात. या भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागते आणि ते तयार करण्याचे साधन त्या वेळी भारतापाशी नव्हते. म्हणून ३० वर्षे इंधन पुरविण्याची हमी अमेरिकेने दिली, आणि उलटपक्षी, केवळ अमेरिकेने उपलब्ध केलेलेच इंधन येथे वापरण्याची अट भारताने पत्करली.

येथवरची कथा ‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ या आपल्या म्हणीला धरूनच आहे. मात्र त्या दोघांचा समेट झाला म्हणजे तिसऱ्याचे काय होते, ते ही म्हण सांगत नाही. आणि भारताच्या वाट्याला आलेला खरा जाच त्यांच्या भांडणातून जितका उद्भवला, त्याहून अधिक त्यांच्या समेटातून उद्भवला, असे माझे मत आहे.

अण्वस्त्रांच्या प्रसारबंदीचा तहनामा जुलै १९६८ मध्ये सह्यांसाठी खुला झाला, तेव्हा त्यावर अमेरिका आणि रशिया या दोघांनी एकाच दिवशी सही केली. आपल्याजवळचे बॉम्ब ठेवून इतरांना मज्जाव करण्यात उभयतांचे ऐकमत्य होते. भारताने सहीस नकार दिला. मे १९७४ मध्ये पोखरणला भारताचा अणुस्फोट झाल्यावर लगोलग, १९७५ मध्ये, लंडनला अणुसामग्री पुरविणाऱ्या सात राष्ट्रांची बैठक भरली, तीतही हे दोघे मांडीला मांडी लावून बसले होते. अमेरिकेने १९७८ मध्ये कायदा केला की, जो देश आपली सर्व अणुकेंद्रे तपासणीला खुली करणार नाही, त्याला इंधन द्यावयाचे नाही. आधी केलेल्या करारनाम्याला मागाहून केलेला घरचा कायदा बाधित करू शकत नाही, हे भारताचे म्हणणे न्यायाचे होते. पण भट्टी न्यायावर चालत नाही. अखेर १९८२ मध्ये, अमेरिकेऐवजी फ्रान्सने इंधन पुरवावे, अशी तडजोड निघाली.

दुसरा दाखला आपल्या पोटाचा आहे. अमेरिकेच्या पी. एल. ४८० कायद्याखाली १९५६ पासून येणारा गहू दुष्काळात आधार होता, परंतु १९६५-६६ च्या टंचाईत राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तो महिन्या-महिन्याच्या बेताने सोडला, आणि व्हिएतनामविषयी भारताने केलेली टीका त्यांना खुपत होती. डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेशाच्या युद्धात, अमेरिकेचे आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाले. त्याआधी ऑगस्टातच भारताने रशियाशी मैत्रीचा तह केला होता. भांडण असे ऐन रंगात असता मे १९७२ मध्ये निक्सन मॉस्कोला गेले, अस्त्रमर्यादेचे करार झाले, आणि त्याच उन्हाळ्यात रशियाने अमेरिकेकडून धान्याची प्रचंड खरेदी केली. जगाच्या बाजारात गव्हाचा भाव भडकला. नेमका त्याच वर्षी महाराष्ट्रात पाऊस दडी मारून बसला. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत आणि बांध घालीत होती. खानदेशातील ज्या वृद्धांनी तेव्हा रेशनच्या रांगेत उभे राहून तांबडी मिलो ज्वारी घरी आणली, त्यांना तिची चव अद्याप आठवत असेल; मॉस्कोतील मेजवानीशी तिचा काही संबंध असेल, ही शंका मात्र त्या रांगेत कोणास येणे शक्य नव्हते. पुढे १९७३ मध्ये रशियानेच भारताला २० लाख टन धान्य उसने दिले. ज्याच्या खरेदीने बाजार चढला त्याच्याच दारी उसनवारीस जावे लागावे, यातच तिसऱ्याच्या स्वातंत्र्याची मर्यादा दिसते.

म्हणून अलिप्ततेकडे केवळ नैतिक भूमिका म्हणून पाहणे अपुरे आहे, आणि तिला निव्वळ संधिसाधूपणा म्हणणे अन्यायाचे आहे. ती वाटाघाटीची एक कला होती. दोन सावकारांत चुरस असेतोवर ती फलदायी ठरली, आणि त्यांनी परस्परांत भाव ठरविले की तिचे बळ ओसरले. ओझर आणि तारापूर यांच्या उभारणीत चुरशीचा लाभ दिसतो, तारापूरच्या इंधनाच्या कथेत समेटाचा तोटा. पुरवठा ज्याच्या हाती, अट त्याची, हा धडा मात्र दोन्हीकडे सारखाच आहे. आणि भारताने पुढे अणुइंधन, धान्य व शस्त्रे या तिन्ही बाबतींत स्वावलंबनासाठी जो खटाटोप केला, त्याचे मूळ या अनुभवात आहे.

मॉस्कोच्या ज्या करारांचा वर ओझरता उल्लेख आला, त्यांत क्षेपणास्त्रांची संख्या कोणत्या हिशेबाने ठरली, आणि संरक्षणाची साधने मर्यादित ठेवल्याने शांतता दृढ होते हा विचित्र वाटणारा सिद्धान्त उभय पक्षांना का पटला, याचा विचार पुढील आठवड्यात करू.

(क्रमशः)