पेटीच्या पोटात : कूलर उचलण्याआधी

पंख्यांची दिशा हा आजचा ठरलेला विषय एक आठवडा पुढे ढकलतोय. कारण एका वाचकांचं पत्र : ‘रॅमची एक पट्टी संगणकाला दिसत नव्हती. तुम्ही लिहिलंत तसा प्रोसेसर काढून पुन्हा बसवला, पट्टी दिसायला लागली. प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट ओलीच होती, म्हणून तीच राहू दिली. बिघडलं का काही?’

लगेच काही बिघडणार नाही. तरी कूलर पुन्हा उघडा आणि नवी पेस्ट लावा. जुनी ओली आहे की वाळलेली, हा मुद्दाच नाही. क्रीमचं बिस्कीट उघडलं की क्रीम एकीकडे ढीगभर, दुसरीकडे नावाला. कूलर उचलल्यावर पेस्टचं तेच होतं. तो परत दाबला की त्या उंचसखल भागात हवा कोंडते. उष्णता वाहून नेण्याचे आकडेच बघा : तांबं ४००, चांगली पेस्ट ५ ते १०, हवा ०.०२६ (वॅट प्रति मीटर-केल्विन). म्हणजे पेस्ट तांब्यापुढे काहीच नाही, पण हवेपेक्षा शेकडो पट बरी. दोन धातूंमधल्या बारीक खाचांतली हवा हुसकावायची, एवढंच तिचं काम. मधोमध वाटाण्याएवढा ठिपका पुरतो.

खरी जोखीम लावण्यात नाही, काढण्यात आहे, आणि यावर मी कितीही बोलू शकतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये १३३१ पिना प्रोसेसरलाच असतात आणि त्याला वरून धरून ठेवणारं काही नसतं. काही वर्षांत पेस्ट घट्ट होते. मग कूलर सरळ वर ओढला की पिना पकडणारी सॉकेटची दांडी बंद असूनही प्रोसेसर उपटून कूलरच्या तळाला लटकत येतो. पिना वाकल्या, तर भिंग आणि ब्लेडचं पातं घेऊन बसा एकेक सरळ करत! म्हणून आधी दहाएक मिनिटं एखादा जड गेम चालवा, पेस्ट मऊ होते. मग संगणक बंद, वायर काढलेली, स्क्रू सोडलेले. कूलर डावीउजवीकडे अलगद फिरवा. पकड सुटल्याचं हाताला कळतं, तेव्हाच उचला.

२०२२च्या एएम५मध्ये पिना सॉकेटकडे गेल्या, प्रोसेसरवर धातूची चौकट आली आणि ही भानगड मिटली. इंटेलनं हे २००४मध्येच केलं होतं. एएमडीनं घरगुती गिऱ्हाइकांना अठरा वर्षं ताटकळत ठेवलं, असंच मी म्हणणार.

जुनी पेस्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मोबाइल दुरुस्तीवाले ‘आयपीए’ म्हणतात ते. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यातलं तेल मागे राहतं. कापसाचे धागे सुटतात, त्यापेक्षा कॉफीचा फिल्टर पेपर बरा. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतले, आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. बायोसमध्ये तापमान भराभर चढताना दिसलं, तर पेस्टच्या नावानं बोटं मोडण्याआधी एक बघा : कूलर नवा असेल, तर तळाचं पारदर्शक प्लास्टिक सोललंत ना?