कोब्याशी दोन हात

न्यू जर्सी किंवा मिशिगनमध्ये बर्फ पडला की रस्त्यांवर मिठाचा मारा सुरू होतो. बर्फ वितळतो, पण खारट चिखल गाडीच्या मडगार्डखाली आणि टायरच्या खाचांत जाऊन बसतो. संध्याकाळी गाडी घरी आली की हा सगळा ऐवज गॅरेजच्या जमिनीवर ठिबकत राहतो. अमेरिकेच्या उपनगरांत गॅरेज बहुधा घरालाच जोडलेलं असतं. दोन गाड्यांचं असेल तर साधारण ४०० चौरस फूट, खाली उघडं काँक्रीट. खारं पाणी त्याच्या छिद्रांत मुरतं, गोठून फुगतं, वितळतं, पुन्हा गोठतं. काही हिवाळ्यांनंतर वरचा पापुद्रा सुटून आतली खडी डोकं वर काढते.

म्हणून मग तिथली मंडळी जमिनीला इपॉक्सीचे हात मारतात. हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांत त्याचे तयार संच मिळतात. खोक्यावर चकचकीत करड्या जमिनीवर उभ्या असलेल्या गाडीचा फोटो असतो. फोटो खोटा नसतो, फक्त पहिल्या आठवड्यातला असतो.

इपॉक्सी मराठी घरांना नवं नाही. तुटकी कपबशी जोडायला अराल्डाइटच्या दोन नळ्या ज्यांनी एकत्र कालवल्या आहेत, त्यांनी ते हाताळलेलं आहे. १९३०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तान आणि त्यानंतर अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांच्या संशोधनातून ही रेझिनं पुढे आली. चाकणच्या कारखान्यांत, औषध कंपन्यांत, मॉलच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये जमिनीवर जो गुळगुळीत थर दिसतो, तोही बहुतेकदा याच कुळातला. हा थर साध्या रंगासारखा नुसता हवेवर वाळत नाही. रेझिन आणि हार्डनर एकत्र आले की रासायनिक क्रिया सुरू होते, मिश्रण तापतं आणि घट्ट होत जातं. बादलीत ते तसंच ठेवून कुणी चहा प्यायला गेला, तर कोंडलेल्या उष्णतेनं बादलीतच गोळा होतो, कधी धूरही निघतो. म्हणून जाणकार कालवल्याबरोबर ते जमिनीवर पट्ट्यांनी ओततात आणि मग रोलर फिरवतात. उन्हाळ्यात हातात असलेला वेळ आणखी कमी होतो.

हे काम फसतं ते बहुधा रोलरच्या आधी. ओल धरलेल्या भिंतीवर डिस्टेंपर मारला, तर पावसाळ्यात त्याचे पोपडे निघतात, जमिनीचंही तसंच. काँक्रीट दिसायला दगडासारखं असलं तरी आतून सच्छिद्र असतं आणि खालच्या मातीतली ओल वाफेच्या रूपानं त्यातून वर येत राहते. वर इपॉक्सीचं झाकण बसलं की ती वाट शोधते आणि थर उचलते. यावर तपासणी अगदी स्वस्त आहे: दीड फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवायचा, चारही कडा टेपनं बंद करायच्या आणि किमान १६ तास हात लावायचा नाही. प्लास्टिकखाली थेंब दिसले किंवा काँक्रीट काळवंडलं, तर खर्च थांबवलेला बरा. कोकणात किंवा मुंबईत बंगल्याच्या पार्किंगला असा थर द्यायचा विचार असेल, तर ही चाचणी मे महिन्यात करून समाधान मानू नये, ऑगस्टमध्ये करावी. नव्या काँक्रीटला निदान २८ दिवस तरी द्यावेच लागतात.

पोपड्यांचं दुसरं कारण टायर. हायवेवरून आलेला टायर तापलेला असतो. त्याच्या उष्णतेनं पातळ थर मऊ पडतो, टायर थंड होताना आकसतो आणि थराला घट्ट धरून बसतो. सकाळी गाडी मागे घेतली की टायरच्या आकाराचा तुकडा चाकाला चिकटून निघतो आणि खाली उघडं काँक्रीट दिसतं. अशा ठिकाणी उलटा पडलेला पापुद्रा हातात घेऊन पाहावा. त्याच्या मागे नुसती सिमेंटची पांढुरकी भुकटी असेल, तर रंगानं काँक्रीट पकडलंच नव्हतं, वरची धूळ तेवढी पकडली होती.

पकड यायला काँक्रीट खडबडीत करावं लागतं. स्वस्त संचांसोबत बहुधा सौम्य आम्लाची पूड येते. ती तेलाच्या डागांवर चालत नाही आणि नीट धुतली गेली नाही तर नवाच त्रास. हिऱ्याचे कण बसवलेल्या चकत्यांचं ग्राइंडर भाड्यानं आणून सगळी जमीन घासणं, हा खरा मार्ग. आवाज कान किटवणारा असतो. धूळ मात्र त्याहून वाईट. तिच्यातली सिलिका फुप्फुसांत कायमची घर करते. अमेरिकेत कामगारांसाठी हवेतल्या अशा सिलिकेची आठ तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला अवघी ५० मायक्रोग्रॅम आहे. तेव्हा मशीनला व्हॅक्यूम आणि तोंडाला चांगला मास्क नसेल, तर घासूच नये. काम झालं की जमिनीवर पाण्याचे चार थेंब टाकायचे. लगेच मुरले तर ठीक. मण्यासारखे उभे राहिले तर पुन्हा घासायचं.

जाडीतही फसगत असते. पाण्यात मिसळलेल्या स्वस्त इपॉक्सीचा वाळलेला थर जेमतेम केसाइतका, ५० ते ७५ मायक्रॉन भरतो. पाणी किंवा सॉल्व्हंट नसलेलं इपॉक्सी एका हातात २५० मायक्रॉनच्या आसपास बसतं. महाग पडतं, पण वर्षानुवर्षं टिकतं ते हेच. पहिला हात शक्यतो ऊन उतरल्यावर द्यावा: सकाळी जमीन तापत जाते, छिद्रांतली हवा फुगून बाहेर पडते आणि ओल्या थरावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडते. हातमोजे विसरू नयेत. हार्डनरची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्माची सोबत करते.

ओल्या थरावर रंगीत व्हिनाइलच्या टिकल्या उधळायची तिकडे फार हौस. टिकल्यांनी डाग आणि धूळ छान लपतात. अडचण इतकीच, की कार्ब्युरेटरचा बारीक स्क्रू हातून निसटला तर तोही तितकाच छान लपतो. हौशी मेकॅनिकनं एकरंगी जमीन घ्यावी, टिकल्या शेजाऱ्याला सुचवाव्यात. बर्फाचं पाणी सांडलं की चकचकीत थर घसरडा होतो. त्यासाठी शेवटच्या हातात ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक वाळू मिसळतात. मग पाय घसरत नाही, पण पोछा अडकतो.

उन्हानं इपॉक्सी पिवळं पडतं. गॅरेजचं दार दिवसभर उघडं राहत असेल, तर दारालगतचा पट्टा काही महिन्यांत वेगळा दिसू लागतो. त्यावर १९९०च्या दशकात आलेल्या पॉलिॲस्पार्टिकचा हात देतात. ते उन्हाला दाद देत नाही, मात्र इतक्या झपाट्यानं घट्ट होतं की नवख्याच्या हातात रोलरच्या रेघा तशाच राहतात.

रोजच्या वापरात पेट्रोल, इंजिन ऑइल सांडलं तर पुसून निघतं. ब्रेक ऑइल वेळेत पुसलं नाही तर थर मऊ करतं, वेल्डिंगच्या ठिणग्या काळे ठिपके पाडतात आणि जॅकखाली प्लायवुडचा तुकडा नसला तर जॅक आपली खूण ठेवतो. अशा जखमेवर ठिगळ लावता येतं, पण ते ओळखू येतंच. ते ज्याला खटकतं, त्याला सगळी जमीन पॉलिशपेपरनं घासून वरून पूर्ण नवा हात द्यावा लागतो. आणि त्यासाठी गॅरेजमधलं सगळं सामान पुन्हा अंगणात काढावं लागतं.