झाकली मूठ उघडताना

गळीत हंगामात साखर कारखान्याच्या पॅनवर उभा असलेला अनुभवी पॅनमन पाकाचा थेंब काचपट्टीवर घेतो, उजेडाकडे धरतो आणि दाणा कसा धरला आहे हे क्षणात ओळखतो. तापमान आणि दाब दाखविणारी उपकरणे त्याच्या समोर असतातच. परंतु पाणी केव्हा सोडावयाचे, वाफ केव्हा कमी करावयाची, हे वर्षानुवर्षांच्या सवयीने तयार झालेली त्याची नजर ठरवीत असते. असा कामगार सेवानिवृत्त होतो तेव्हा शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार होतो. भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान यांचा हिशेब चोख होतो. त्याच्याबरोबर फाटकाबाहेर गेलेल्या ज्ञानाचा हिशेब मात्र कोणत्याही खातेवहीत नसतो.

कोणत्याही उद्योगाचे भांडवल म्हटले की जमीन, इमारत, यंत्रसामग्री आणि पैसा एवढ्याच गोष्टी डोळ्यांपुढे येतात. कामगार-कर्मचाऱ्यांनी अनुभवातून मिळविलेले ज्ञान हेही भांडवलच होय. त्याचे दोन भाग पडतात. एक भाग नियमपुस्तिकांत, आराखड्यांत व नोंदवह्यांत लिहिलेला असतो. दुसरा भाग माणसाच्या हातात, डोळ्यांत आणि कानांत असतो. यंत्राचा आवाज बदलला म्हणजे काय बिघडले असावे, हे जुन्या फिटरला कळते. पण कसे कळले, हे त्याला सांगता येईलच असे नाही. हंगेरीत जन्मलेले विचारवंत मायकेल पोलान्यी यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात या अव्यक्त ज्ञानाची मीमांसा केली आणि पुढे व्यवस्थापनशास्त्रानेही तिची दखल घेतली.

ज्ञान दडून का राहते?

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. आपले कसब दुसऱ्याला शिकविले तर आपली किंमत कमी होईल, ही भीती कामगाराला वाटते आणि ती अगदीच निराधार नसते. ज्याला शिकविले त्यालाच बढती मिळाली आणि शिकविणारा होता तेथेच राहिला, असा अनुभव एकदा आला की पुन्हा कोणी मूठ उघडत नाही. दुसरे कारण म्हणजे श्रेय. कामगाराने सुचविलेली सुधारणा अहवालात साहेबांच्या नावावर जमा झाली, तर पुढची सूचना त्याच्या मनातच राहते. तिसरे कारण वेळेचे. उत्पादनाचे उद्दिष्ट डोक्यावर असताना नवख्याला समजावून सांगण्यात गेलेला अर्धा तास वाया गेला, असे मानले जाते. आणि चौथे कारण संकोचाचे. ‘मला हे येत नाही’ असे म्हणणाऱ्याला हसणारे लोक भोवती असतील, तर विचारणारा गप्प बसतो आणि सांगणाऱ्यालाही सांगण्याची संधी मिळत नाही.

म्हणूनच केवळ परिपत्रक काढून ज्ञानाची देवाणघेवाण सुरू होत नाही. त्यासाठी अनुकूल परिस्थिती निर्माण करावी लागते.

माँट्रियलचा तोडगा, ब्राझीलचे यंत्र

या दृष्टीने अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीचा अनुभव उद्‌बोधक आहे. छायाप्रती काढणारी यंत्रे दुरुस्त करणारे तंत्रज्ञ प्रत्यक्षात कसे काम करतात, याचा अभ्यास ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने केला. त्यांना असे आढळले की अवघड बिघाडांच्या वेळी पुस्तिका अपुरी पडते आणि तंत्रज्ञ एकमेकांना सांगितलेल्या किश्शांचा आधार घेतात. न्याहारीच्या टेबलावर रंगणाऱ्या या गप्पा वरवर पाहता वेळेचा अपव्यय वाटतील. वास्तविक तीच त्यांची शाळा होती.

या शाळेचा लाभ दूरवरच्या तंत्रज्ञांनाही व्हावा, म्हणून १९९० नंतरच्या दशकात ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभारण्यात आली. तिचा पहिला मोठा प्रयोग फ्रान्समध्ये झाला. तंत्रज्ञाने आपला तोडगा लिहून पाठवावयाचा, जाणकार सहकाऱ्यांनी तो तपासावयाचा आणि मान्य झाल्यास लिहिणाऱ्याच्या नावासह तो सर्वांसाठी खुला करावयाचा, अशी पद्धत होती. तोडग्यांसाठी रोख बक्षीस देण्याचा विचार पुढे आला, तेव्हा खुद्द तंत्रज्ञांनीच तो नाकारला. पैसे मिळू लागले तर तोडग्यांची संख्या वाढेल आणि कस उतरेल, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना हवे होते ते आपल्या बरोबरीच्या लोकांत आपले नाव.

ब्राझीलमधील एक तंत्रज्ञ सतत बिघडणारे रंगीत छपाईचे एक महाग यंत्र बदलून देण्याच्या बेतात होता. त्यासाठी सुमारे ४०,००० डॉलर खर्च येणार होता. तत्पूर्वी त्याने हा संग्रह चाळला. कॅनडातील माँट्रियल येथील एका तंत्रज्ञाने लिहून ठेवलेल्या तोडग्यावरून त्याला सदोष भाग सापडला. त्या भागाची किंमत अवघी ५० सेंट होती.

जपान आणि भारत

जपानमध्ये १९६२ पासून प्रा. काओरू इशिकावा यांच्या प्रेरणेने ‘गुणवत्ता मंडळे’ अर्थात क्वालिटी सर्कल सुरू झाली. एकाच विभागातील मोजके कामगार स्वेच्छेने, ठराविक काळाने एकत्र बसतात, आपल्या कामातील एखादी अडचण निवडतात, तिची कारणे शोधतात आणि उपाय व्यवस्थापनापुढे मांडतात. आपल्या देशात भारत हेवी इलेक्ट्रिकल्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीच्या हैदराबादजवळील रामचंद्रपुरम कारखान्यात १९८० मध्ये या चळवळीचा प्रारंभ झाला आणि १९८२ मध्ये तिच्या प्रसारासाठी अखिल भारतीय संस्था स्थापन झाली.

महाराष्ट्राला ही दृष्टी अगदीच नवी नव्हे. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांच्या संपादकत्वाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. कारखान्याचे एक छोटे पत्र म्हणून जन्मलेले हे नियतकालिक पुढे साऱ्या महाराष्ट्राचे मासिक झाले.

जे लिहिता येत नाही ते

तथापि सर्वच ज्ञान कागदावर किंवा संगणकावर उतरत नाही. जपानच्या मात्सुशिता कंपनीत १९८५ च्या सुमारास घरगुती पाव तयार करणारे यंत्र विकसित होत होते. पण त्यातील पाव काही केल्या नीट भाजला जात नव्हता. तेव्हा इकुको तनाका या अभियंता महिलेने ओसाका येथील एका हॉटेलातील मुख्य पाववाल्याच्या हाताखाली उमेदवारी केली. तो कणीक मळताना तिला विशिष्ट प्रकारे ताणून पीळ देतो, हे त्यांनी शेजारी उभे राहून हेरले. त्यानुसार यंत्राच्या भांड्यात आतून कंगोरे बसविण्यात आले आणि काम साधले. काही विद्या सहवासानेच हाती येते, हाच याचा अर्थ.

काय करता येईल?

वरील अनुभवांतून काही गोष्टी स्पष्ट होतात. सेवानिवृत्तीला वर्ष-सहा महिने उरले असताना त्या जागेवर येणाऱ्या व्यक्तीला अनुभवी कर्मचाऱ्याबरोबर कामास लावावे; शेवटच्या दिवशी किल्ल्या सोपविणे पुरेसे नाही. पाळी बदलताना दहा मिनिटांचे बोलणे हा कामाचाच भाग मानावा. सूचना ज्याची, नाव त्याचे, हा नियम अपवादाशिवाय पाळावा. आणि सूचना स्वीकारली नाही तर तिचे कारणही कळवावे. बढतीचा विचार करताना कर्मचाऱ्याने किती जणांना तयार केले, हेही पाहावे. ज्ञान दिल्यामुळे कोणाचीही नोकरी किंवा मान धोक्यात येणार नाही, ही हमी व्यवस्थापनाने आपल्या वागणुकीतून द्यावयास हवी. अधिकाऱ्यानेच ‘हे मला समजावून सांगा’ असे म्हटले, तर विचारण्याचा संकोच खालपर्यंत नाहीसा होतो.

हे सारे उपाय फारसे खर्चाचे नाहीत. त्यांना लागतो तो विश्वास, आणि विश्वास एका दिवसात निर्माण होत नाही. यंत्र जुने झाले तर नवे विकत घेता येते. तीस वर्षांचा अनुभव मात्र कोणत्याही बाजारात मिळत नाही. तो ज्याच्यापाशी आहे त्याने आनंदाने द्यावा आणि ज्याला हवा आहे त्याने निःसंकोच मागावा, असे वातावरण ज्या कारखान्यात व कचेरीत असेल, तेथील माणसे बदलली तरी काम अडणार नाही.