श्रीयुत काडीपाय आणि ऑस्ट्रेलियांतील बालकें

मुलांच्या करमणुकीसाठीं तयार केलेल्या कार्टूनचा एखादा भाग अयोग्य ठरवून मागें घेण्यांत आला, अशी बातमी अधूनमधून आपल्या वाचण्यांत येते. ती वाचतांच पालकांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, बरें झालें. दुसरा म्हणतो, एवढ्याशा गोष्टीचा एवढा बाऊ कशाला? मात्र अयोग्य म्हणजे कांहीं तरी उद्धट, बीभत्स किंवा क्रूर, हें दोन्ही पक्षांनीं गृहीत धरलेलें असतें. आज आम्ही ज्या भागाची हकीकत सांगणार आहों, त्यांत असें कांहींहि नाहीं. एक बाप आपल्या लहान मुलीच्या मनांतील भीति मोठ्या मायेनें घालवितो, एवढीच त्याची कथा. असें असूनहि ऑस्ट्रेलियांत तो भाग एकदां नव्हे, दोनदां मागें घ्यावा लागला.

आमच्या धाकट्या वाचकांस पेपा पिगची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. पालकांसाठीं मात्र दोन शब्द लिहितों. नेव्हिल ॲस्टली, मार्क बेकर व फिल डेव्हिस या तिघांनीं निर्माण केलेली ही मालिका २००४ सालीं इंग्लंडांत सुरू झाली. तिचा प्रत्येक भाग सुमारें पांच मिनिटांचा असतो. पेपा नांवाची डुकराची चिमुरडी, तिचा धाकटा भाऊ जॉर्ज आणि त्यांचे आईबाप, असें हें मूळचें कुटुंब. चिखलाच्या डबक्यांत उड्या मारणें हा त्यांचा आवडता खेळ. आमच्याकडील मुलांस ती गोष्ट विशेष पटावी, यांत नवल नाहीं. पहिल्याच मालिकेंत ‘मिस्टर स्किनी लेग्ज’ नांवाचा एक भाग आहे. आपण त्याला ‘श्रीयुत काडीपाय’ म्हणूं. हे काडीपाय म्हणजे घरांत सांपडलेला एक कोळी. पेपा त्याला घाबरते. तेव्हां तिचा बाप तिची समजूत घालतो कीं, कोळी हा अगदीं लहानसा प्राणी, त्याच्यानें आपणांस इजा व्हावयाची नाहीं, सबब भिण्याचें कारण नाहीं. झालें! पेपाची भीति जाते, कोळ्याचें बारसें होतें, त्याला खेळण्यांतील घरांत बिछान्यावर निजविण्यांत येतें आणि शेवटीं त्याला चहाहि देऊं करण्यांत येतो.

इंग्लंडांतील बापानें आपल्या मुलीस असें सांगितलें, तर तें खोटें ठरत नाहीं. ब्रिटनमध्यें कोळ्यांच्या सहाशेंहून अधिक जाति आढळतात, पण ज्याच्या दंशानें माणसाचा जीव जावा, असा तेथील मूळचा एकहि कोळी नाहीं. उलट, तेथें पुष्कळ मोठीं माणसें सुद्धां न्हाणीघरांत कोळी दिसला कीं किंचाळत बाहेर पडतात. आणि आईबापांची ही निरर्थक भीति मुलें पाहून पाहून शिकतात. ती घालवूं पाहणें, हा लेखकांचा हेतु चांगलाच होता. आम्ही तेथें शिक्षक असतों, तर हा भाग वर्गांत आनंदानें दाखविला असता.

परंतु चित्र जसें समुद्रापलीकडे जातें, तशी त्याच्या बरोबर तेथील जमीन, तेथील झाडें व तेथील किडेमकोडे जात नाहींत. ऑस्ट्रेलियांत रेडबॅक नांवाचा कोळी आहे. त्याची मादी काळीभोर असून तिच्या पाठीवर तांबडा पट्टा असतो. तिचें राहण्याचें ठिकाण कोणतें? तर अंगणांतील खुर्चीची खालची बाजू, टपालाची पेटी, अडगळीची खोली. म्हणजे नेमक्या ज्या जागीं मुलांचे हात आधीं जातात, त्या. याहून भयंकर म्हणजे सिडनीचा फनेल-वेब कोळी. जमिनींत बीळ करून त्याच्या तोंडाशीं नरसाळ्याच्या आकाराचें जाळें विणतो, म्हणून त्याला हें नांव पडलें. तो सिडनी शहर व त्याच्या आसपासच्या प्रदेशांतच राहतो. पण तेवढ्या टापूंत लक्षावधि मुलें राहतात, हें विसरून चालावयाचें नाहीं. उन्हाळ्याच्या दिवसांत यांतील नर मादीच्या शोधांत बिळाबाहेर हिंडूं लागतात. हिंडतां हिंडतां ते घरांत शिरतात, दारापाशीं काढून ठेवलेल्या बुटांत दडतात, पोहण्याच्या तलावांत पडतात. निसर्गाचा विचित्र योगायोग असा कीं, मादीपेक्षां नराचेंच विष अधिक जहाल. तें मज्जातंतूंवर परिणाम करतें. तोंडाला पाणी सुटतें, अंगाला घाम फुटतो, स्नायु उडूं लागतात, श्वास कोंडूं लागतो. लहान मुलाचें शरीर लहान, त्यामुळें विषाचा जोर त्याच्यावर लवकर चालतो. आणखी एक चमत्कारिक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हें विष माणसास व माकडास जितकें बाधतें, तितकें सशास बाधत नाहीं. आणि म्हणूनच त्यावरील उतारा सशांच्या रक्तापासून तयार करण्यांत आला. स्ट्रुअन सदरलंड या डॉक्टरांनीं मेलबोर्न येथें वर्षानुवर्षें खटपट करून तो सिद्ध केला व १९८१ पासून तो रुग्णालयांत मिळूं लागला. तत्पूर्वीं १९२७ ते १९८० या काळांत या कोळ्याच्या दंशानें १३ मृत्यु झाल्याची नोंद आहे. त्यानंतर एकहि नाहीं.

आतां श्रीयुत काडीपायांकडे वळूं. २०१२ सालीं एका प्रेक्षकाची तक्रार आल्यावरून ऑस्ट्रेलियन ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन या तेथील सार्वजनिक संस्थेनें हा भाग ऑस्ट्रेलियांतील बालकांस अयोग्य ठरविला व तो पुन्हां दाखवावयाचा नाहीं असें ठरविलें. प्रकरण मिटलें असें वाटलें. परंतु २०१७ सालीं निक ज्युनियर या खाजगी वाहिनीवर तोच भाग झळकला. सिडनींत राहणाऱ्या एका आईनें तो आपल्या लेकीबरोबर पाहिला आणि वाहिनीकडे तक्रार केली. वाहिनीनें प्रथम दिलेलें उत्तर मोठें मासलेवाईक होतें. त्याचा आशय असा कीं, यांतील कोळी हसरा व मित्रासारखा दाखविला आहे, त्यामुळें त्यापासून भय वाटण्याजोगें कांहीं उरत नाहीं, सबब हा भाग काढण्याचें प्रयोजन दिसत नाहीं.

वाचकहो, हें उत्तर पुन्हां एकदां वाचून पाहावें. मूल भिईल काय, या प्रश्नाचें तें उत्तर आहे. आईची तक्रार नेमकी याच्या उलट होती. माझी मुलगी भिणार नाहीं, हेंच तिचें गाऱ्हाणें! मुलांच्या चित्रांची तपासणी करणाऱ्या मंडळींजवळ ठराविक काटे असतात. रक्त दिसतें काय? शिवी आहे काय? मारामारी किती? रात्रीं झोपेंत दचकावें, असें कांहीं आहे काय? या सर्व काट्यांवर काडीपाय महाशय निर्दोष ठरतात. दोष चित्रांत नव्हताच. चित्र संपल्यावर तीन वर्षांचें मूल अंगणांत जाऊन काय करील, तेथें तो होता. आणि तें कळण्यासाठीं चित्राकडे नव्हे, अंगणाकडे पाहावें लागतें. ही गोष्ट त्या आईस कळली, कारण अंगण तिचें होतें. शेवटीं वाहिनीनेंहि हा भाग काढून घेतला.

या निर्णयाची थट्टाहि पुष्कळ झाली. बोलणाऱ्या डुकराला पाहून मूल डुकराशीं बोलूं लागत नाहीं, मग कोळ्याशींच मैत्री कां करील, असें कोणी म्हटलें. हा आक्षेप दिसतो तितका पोकळ नाहीं. शिवाय ऑस्ट्रेलियांतहि बहुतेक कोळी निरुपद्रवी आहेत. तेथील हंट्समन नांवाचा तळहाताएवढा कोळी दिसावयास भयाण असला, तरी माणसास घातक नाहीं, आणि घरांतील झुरळें खाऊन उपकारच करतो. कोळी म्हटला कीं मारावयाचा, असें शिक्षण मुलांस मिळालें, तर बिचाऱ्या हंट्समनचा नाहक बळी जातो. हें सर्व आम्हांस मान्य आहे. तथापि ज्या वयासाठीं ही मालिका आहे, तें वय दोनपासून पांचपर्यंतचें. त्या वयांत ‘कोळी’ हा एकच शब्द असतो. त्याच्या पोटांत रेडबॅक, फनेल-वेब व हंट्समन अशा निरनिराळ्या पेट्या अजून तयार झालेल्या नसतात. त्यांतून उपदेश करणारा कोण? बाप. डुकरें बोलत नाहींत हें मूल जाणतें. बाप सांगतो तें खरें असतें, हेंहि तें जाणतें.

हें आम्ही एवढ्या आग्रहानें कां लिहितों, त्याला एक कारण आहे. पुष्कळ वर्षांपूर्वींची गोष्ट. आम्हीं नुकताच शिक्षकाचा पेशा पत्करला होता आणि कोंकणांतील एका गांवीं तिसरीचा वर्ग आमच्याकडे होता. एके दिवशीं सापांविषयीं धडा निघाला. धामण ही बिनविषारी, ती शेतांतील उंदीर खाते, ती शेतकऱ्याची मित्र, तिला मारूं नये, असें आम्हीं मोठ्या उत्साहानें शिकविलें. विषारी सापांविषयींहि दोन वाक्यें बोललों असूं. पण तीं आमच्याच लक्षांत राहिलीं नाहींत, मग मुलांच्या कोठून राहणार? पुढच्या आठवड्यांत एक मुलगा शिदोरीचा डबा घेऊन टेबलापाशीं आला. चेहऱ्यावर कोण आनंद! “गुरुजी, धामणीचें पिल्लू आणलंय तुमच्यासाठीं,” असें म्हणून तो झांकण उघडूं लागला. दैव बलवत्तर म्हणून शाळेचा शिपाई त्याच वेळीं घंटेची वेळ विचारण्यास आंत आला होता. डब्यांतून खरखर असा आवाज येत होता, तो त्यानें ओळखला. “झांकण उघडूं नको रे बाबा,” एवढेंच बोलून त्यानें डबा मुलाच्या हातून काढून घेतला. आंत फुरसें होतें. कोंकणांतील लोकांस फुरसें म्हणजे काय, तें सांगावयास नको. नाग, मण्यार व घोणस यांच्याच पंक्तींतला तो चौथा. मुलास कांहीं झालें नाहीं. आम्हांस मात्र त्या रात्रीं झोंप आली नाहीं. धड्यांतील एकहि अक्षर खोटें नव्हतें, आणि मुलानेंहि सांगितलेल्या धड्याप्रमाणेंच वर्तन केलें होतें.

एखादा भाग मागें घेण्याचीं कारणें सर्वत्र सारखीं नसतात, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. जपानांत १६ डिसेंबर १९९७ रोजीं पोकेमॉन या मालिकेचा एक भाग चालू असतां पडद्यावर तांबडा व निळा प्रकाश अतिशय वेगानें लुकलुकला, आणि त्या संध्याकाळीं सुमारें ६८५ प्रेक्षकांस, बहुतेक मुलांसच, रुग्णालयांत न्यावें लागलें. मालिका चार महिने बंद राहिली व तो भाग पुन्हां कधींहि दाखविण्यांत आला नाहीं. त्यावर वाद घालण्यास जागाच नव्हती. आपल्या देशांत २००८ सालीं शिन-चॅन या मालिकेवर बंदी आली, ती निराळ्या कारणानें. त्यांतील पोराची उलट उत्तरें आमचीं मुलें उचलतात, अशी पालकांची तक्रार होती. पुढें कात्री लावून ती पुन्हां सुरू झाली. शिष्टाचाराच्या बाबतींत आईबाप स्वतः चार शब्द सांगून वांकडें सरळ करूं शकतात, आणि त्यासाठीं त्यांना उद्यांचा दिवस मिळतो. म्हणून अशा प्रकरणीं सबंध मालिकेवर बंदी घालणें आम्हांस फारसें रुचत नाहीं. काडीपायांचें प्रकरण या दोहोंच्या मधलें. तेथें इजा प्रकाशासारखी तत्काळ होत नाहीं, आणि चुकीचा हात पुढें गेल्यावर समजूत घालण्यास उद्यांचा दिवस मिळेलच, अशीहि खात्री नसते.

बरें, भाग मागें घेतला म्हणजे मुलांचें शिक्षण झालें काय? तेंहि नाहीं. पडद्यावरून कोळी काढला, तरी तो बुटांतून निघत नाहीं. याची व्यवस्था ऑस्ट्रेलियांतील लोकांनीं निराळ्या रीतीनें केली आहे. सिडनीच्या उत्तरेस सॉमर्सबी येथें ‘ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्क’ नांवाचें प्राणिसंग्रहालय आहे. वर सांगितलेला उतारा तयार करण्यासाठीं लागणारें फनेल-वेबचें विष तेथून जातें, आणि त्यासाठीं लागणारे कोळी पुष्कळसे लोकांनींच पकडून आणून दिलेले असतात. कोळी पकडण्याची रीत ते लोकांस शिकवितात. रुंद तोंडाची कांचेची बरणी कोळ्यापुढें धरावयाची, लांब काठीनें त्याला आंत ढकलावयाचें, झांकण घट्ट लावावयाचें, आणि सबंध वेळ हात दूर ठेवावयाचा. आंत थोडी ओलसर माती ठेवली कीं तो जिवंत राहतो. हें काम मोठ्या माणसांचें आहे. मुलानें करावयाचें तें एवढेंच कीं, कोळी दिसतांच त्याला हात न लावतां मागें सरावें आणि आईला हांक मारावी.