दोनशे पानांचा हिशोब

२०१८ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा एका शिक्षणसंस्थेच्या संगणक विभागात काम करत होतो. प्रवेशाचे अर्ज ऑनलाइन भरायचे दिवस होते. मुदत संपायला दोन दिवस उरले आणि आमचं संकेतस्थळ बंद पडलं. सकाळपासून मुलं आणि पालक फाटकाशी जमायला लागले. ज्या सहकाऱ्यांनी ही सारी यंत्रणा उभी केली होती, ते नेमके आदल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्यानं इस्पितळात होते. कोणता सर्व्हर कोणाशी बोलतो, कोणतं दार उघडं, कोणतं बंद, हे सगळं त्यांच्या डोक्यात. लिहिलेलं काहीच नाही.

शेवटी डॉक्टरांची परवानगी काढून मी वही घेऊन त्यांच्या खाटेशी बसलो. ते हळू आवाजात म्हणाले, “दुसऱ्या सर्व्हरवर एक दार मी हातानं उघडलं होतं. नव्या सर्व्हरवर ते राहिलं असेल, बघा.” तसंच होतं. रात्री संकेतस्थळ सुरू झालं. पण आजारी माणसाला असं विचारावं लागलं, याची मला फार लाज वाटली. त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला. ही मांडणी माणसाच्या डोक्यात न ठेवता लिहून का ठेवू नये?

आधी थोडं ‘क्लाऊड’विषयी. नावात ढग असला तरी यात आकाशातलं काही नाही. मोठ्या इमारतींमध्ये हजारो संगणक ठेवलेले असतात आणि ते आपण भाड्यानं वापरतो. अमेझॉननं २००६ मध्ये असे संगणक तासाच्या दरानं भाड्यानं द्यायला सुरुवात केली. २०१६ मध्ये या कंपनीची अशी केंद्रं मुंबईतही सुरू झाली. पूर्वी नवा सर्व्हर हवा म्हणजे खरेदीची फाइल फिरायची आणि यंत्र यायला महिना जायचा. आता पडद्यावर चार बटणं दाबली की पाच मिनिटांत सर्व्हर तयार.

सोय मोठी झाली, पण तिच्या पोटातच अडचण होती. बटण दाबणाऱ्याची आठवण हीच काय ती नोंद. तीच मांडणी दुसऱ्यांदा करताना एखादं बटण राहून गेलं, तर त्या वेळी कोणाला कळतही नाही.

असं राहून गेलेलं एक काम केवढ्याला पडू शकतं, याचं उदाहरण अमेरिकेत घडलं. १ ऑगस्ट २०१२. नाइट कॅपिटल ही शेअर बाजारातली मोठी कंपनी. तिला नवा प्रोग्रॅम आठ सर्व्हरवर चढवायचा होता. काम हातानं झालं. सातांवर प्रोग्रॅम चढला, आठव्यावर राहिला. दुसऱ्या कोणी तपासून पाहावं, अशी लेखी पद्धत तिथं नव्हती. बाजार उघडल्यावर त्या आठव्या सर्व्हरनं चुकीच्या खरेदी-विक्रीचा सपाटा लावला. पाऊण तासात कंपनीला ४० कोटी डॉलरहून अधिक फटका बसला.

यावरचा उपाय म्हणजे मांडणी लिहून ठेवायची आणि यंत्रानं ती वाचून तशीच उभी करायची. अमेझॉननं २०११ मध्ये ‘क्लाऊडफॉर्मेशन’ आणलं, २०१४ मध्ये ‘टेराफॉर्म’ आलं. त्यात काय हवं याची यादी करायची. सर्व्हर एवढे, डेटाबेस एक, दारं अमुक. बटणांपेक्षा हे कितीतरी बरं. पण यादी लांबत जाते. टेराफॉर्मनं त्यासाठी स्वतःची वेगळी भाषा दिली. मात्र ती नव्यानं शिकावी लागते, आणि रोजच्या भाषेतली मोकळीक तिच्यात नसते.

इथं मला आपल्याकडचा लग्नाचा आचारी आठवतो. नवखा माणूस दुसऱ्याची यादी उतरवून घेतो. तांदूळ इतका, डाळ इतकी. दोनशे पानांची ती यादी पाचशे पानांना चालत नाही, सगळी नव्यानं लिहावी लागते. मुरलेला आचारी मात्र विचारतो, “पानं किती?” आकडा कळला की सामानाची यादी तो स्वतःच काढतो. त्याच्याकडे हिशोब असतो, आणि यादी त्या हिशोबातून निघते.

हाच हिशोब प्रोग्रॅमर मंडळींच्या रोजच्या भाषेत लिहिण्याची सोय २०१८-१९ च्या सुमारास पुढे आली. सिएटलच्या ‘पुलुमी’ कंपनीचं साधन २०१८ मध्ये, तर अमेझॉनचं ‘सीडीके’ जुलै २०१९ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. पायथन किंवा टाइपस्क्रिप्ट या भाषांत आपण एरवी पगारपत्रक किंवा निकालपत्रक तयार करतो. त्याच भाषांत आता सर्व्हरची मांडणी लिहिता येते. ‘प्रत्येक महाविद्यालयासाठी असा एक सर्व्हर’ हे एकदाच लिहायचं. महाविद्यालयं तीन असोत वा तीस. ‘चाचणीसाठी लहान यंत्र, प्रत्यक्ष कामासाठी मोठं’ अशी अट घालायची. एकदा नीट जमलेला भाग वेगळा काढून दहा ठिकाणी वापरायचा. शिवाय ‘एकही डेटाबेस बाहेरच्या जगाला उघडा नसावा’ असा नियम लिहून मांडणीची आपोआप परीक्षाही घ्यायची.

आता कोणी विचारेल, हा प्रोग्रॅम दुसऱ्यांदा चालवला तर सर्व्हर दुप्पट होणार नाहीत का? नाही होत. कारण प्रोग्रॅम स्वतः सर्व्हर उभे करत नाही, तो फक्त काय हवं याचं चित्र तयार करतो. सीडीके त्यातून क्लाऊडफॉर्मेशनची यादीच काढून देतं. मग हवं ते आणि आधीच असलेलं यांची तुलना होते, आणि जेवढा फरक तेवढंच काम केलं जातं. घरची गृहिणी वाण्याकडे यादी पाठवण्याआधी डबे उघडून बघते आणि असलेलं वगळते, तसंच हे. हा फरक आधी पडद्यावर पाहताही येतो.

तो फरक पाहिल्याशिवाय पुढं जाऊ नये. काही गोष्टी जागच्या जागी बदलता येत नाहीत. डेटाबेसचं नुसतं नाव बदललं, तरी काही वेळा जुना काढून नवा उभा केला जातो, आणि नवा असतो रिकामा! म्हणून महत्त्वाच्या गोष्टींवर ‘हे काढायचं नाही’ अशी खूण करून ठेवता येते, ती करावीच. पासवर्ड या लिखाणात कधीही लिहू नयेत. आणि एकदा लिखाण केलं की मधूनच हातानं बटणं दाबू नयेत, नाहीतर लिहिलेलं एक आणि चाललेलं दुसरंच अशी गत होते.

पुढच्या वर्षभरात आम्ही आमची मांडणी पायथनमध्ये लिहून काढली. ते सहकारी तोवर बरे होऊन कामावर आले होते. मी त्यांना सगळं वाचायला दिलं. अर्ध्या तासात त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. सर्व्हरचं एक दार आमच्या कचेरीपुरतं उघडायचं होतं, मी ते साऱ्या जगाला उघडलं होतं. बटणं दाबताना ही चूक एका सर्व्हरवर झाली असती. माझ्या त्या एका ओळीनं ती सहाही सर्व्हरवर झाली असती. हिशोब चुकला तर प्रत्येक पानावर चुकतो. पण ती चूक लिहिलेली होती, म्हणून दुसऱ्या माणसाला वाचता आली आणि वेळेत सापडली.

आज पतपेढी, शाळा, दवाखाना, अनेकांचं काम अशा भाड्याच्या संगणकांवर चालतं. आपल्याला पायथन येण्याची गरज नाही. पण हे काम सांभाळणाऱ्यांना दोन प्रश्न जरूर विचारा. उद्या तुम्ही रजेवर असलात, तर लिहिलेल्यावरून दुसऱ्या कोणाला हे सगळं पुन्हा उभं करता येईल का? आणि तसं एकदा करून पाहिलं आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ येईपर्यंत विचारत राहा. आम्ही आता दर मे महिन्यात, प्रवेश सुरू होण्याआधी, सारी यंत्रणा एकदा कोऱ्या जागी उभी करून पाहतो. ते सहकारी त्या दिवशी मुद्दाम रजा घेतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)